आपल्या घरचे बी
(खानदेशातील देशी पिके व रानवनस्पती यांच्या जतनासंबंधी एक अभ्यास)

स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, संघटना या विषयांवर लेख यावेत अशी वाचकांची अपेक्षा असते. त्यात बियाण्यावरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे आता भुसावळच्या रेल्वेत, जळगाव-धुळ्याच्या कचेऱ्यांत, शाळांत, कारखान्यांत स्थिरावली आहेत. तरी गावाकडची नाळ तुटलेली नाही. कुणाचा भाऊ शेती करतो, कुणाची आई अजून गावीच आहे, कुणाच्या नावे गायरानातला दोन एकरांचा तुकडा आहे. आणि शेत नसले तरी ताट प्रत्येकाचे आहे. म्हणून हा विषय आपल्या सर्वांचा आहे असे आम्ही मानतो.

या लेखात आम्हांला एकच गोष्ट सांगावयाची आहे. पिकाचे वाण कपाटात ठेवून टिकत नाही. ते पेरल्याने आणि खाल्ल्याने टिकते. ज्या घरात स्वतःचे बी आहे, त्या घराला पेरणीच्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

१) विषय आपला कसा?

१९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. जमिनीचा प्रश्न तेव्हापासून आपल्या परिचयाचा आहे. परंतु जमीन मिळाली की प्रश्न संपला असे झाले नाही. गरिबाच्या वाट्याला बहुधा मुरमाड, उताराची, पाण्यावाचूनची जमीन आली. अशा जमिनीत कोणते पीक येते? ज्याला खत थोडे, पाणी थोडे, आणि पाऊस पंधरा दिवस लांबला तरी जे तग धरते ते. ही पिके म्हणजे देशी ज्वारी, बाजरी, नागली, राळा, कुळीथ, मटकी, तूर, अंबाडी, तीळ. जमीन हलकी असली तरी घरचे बी त्या जमिनीला ओळखणारे होते.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण वडीलधाऱ्यांना आहे. दुष्काळी कामावर खडी फोडावयाची आणि परदेशातून आलेली लाल मिलो खावयाची, असे दिवस महाराष्ट्रातील लाखो लोकांनी काढले. अशा वेळी ज्या घरात पेरणीसाठी राखलेले बीसुद्धा जात्यात घालावे लागते, त्या घराचे वाण त्याच दिवशी संपते. पुढच्या मृगाला ते घर दुकानाच्या दारात उभे राहते. कर्जाची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.

२) खानदेशची जमीन आणि तिची पिके

आपला प्रदेश वरवर एकसारखा दिसतो, पण तसा नाही. उत्तरेस सातपुड्याची रांग. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर हे तालुके तिच्या पायथ्याशी आहेत. मध्ये तापीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन. पश्चिमेस साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या टोकाचा डोंगराळ भाग. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर हे तालुके १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याची हद्द बदलली, डोंगर मात्र एकच आहे. म्हणून अभ्यासासाठी आम्ही तोही भाग धरला आहे.

जमीन वेगळी, तसे पीकही वेगळे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर ज्वारी येते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती वाढते. तिची भाकरी पांढरी, गोड आणि मऊ. कडब्यावर गुरे जगतात. ज्वारीत उडीद मिसळून दळले की कळणा होतो. कळण्याच्या भाकरीला अहिराणी घरांत कयनानी भाकर म्हणतात. भाकरीत धान्य आणि कडधान्य एकत्र आणण्याचे हे ज्ञान कोणत्याही आहारतज्ज्ञाने शिकविलेले नाही.

डोंगराकडे गेले की पिके बदलतात. पावरा, भिल्ल, कोकणी, मावची हे आदिवासी समाज उतारावर एकाच शेतात चार-पाच पिके घेत आले. ज्वारी किंवा मका, मधून तूर, उडीद, चवळी, कडेने अंबाडी आणि तीळ. शिवाय मोर, बर्टी, राळा यांसारखी बारीक धान्ये. यामागे हिशेब आहे. पाऊस लवकर गेला तर उडीद हाती लागतो, उशिरापर्यंत राहिला तर तूर साधते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि त्याचा लाभ पुढे ज्वारीलाही होतो. सर्व पिके एकाच वर्षी बुडाली असे सहसा घडत नाही.

पोषणाच्या दृष्टीनेही ही धान्ये हलकी समजू नयेत. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. ज्या अन्नाला आपण ‘गरिबाचे’ म्हणून नाके मुरडली, तेच संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यावर शहरातील दुकानांत महाग दराने विकले जाऊ लागले.

३) वाण कसे गेले?

येथे आम्ही एकांगी बोलू इच्छित नाही. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही ज्वारीची संकरित जात आली. तिने एकरी उत्पन्न वाढविले, हे खरे आहे. धान्याची टंचाई असलेल्या त्या काळात ‘हायब्रीड’ने अनेकांची पोटे भरली. तिला शिव्या देऊन आपले काम भागणार नाही.

पण तिच्याबरोबर तीन गोष्टी आल्या. पहिली, संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. दुसरी, लवकर पक्व होणाऱ्या बुटक्या जातीचे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडतो. तिसरी, ताट बुटके म्हणून कडबा कमी. कडबा कमी म्हणून गुरे कमी, आणि गुरे कमी म्हणून शेणखत कमी. अशी एकात एक गुंतलेली साखळी आहे. पुढे ज्वारीची जागा कापूस, मका, सोयाबीन यांनी घेतली.

कापसाचेही तसेच. खानदेशात पूर्वी देशी कापूस होता. त्याची मुळे खोल जातात, कमी पावसात तो तगतो आणि रस शोषणाऱ्या किडींना तुलनेने कमी बळी पडतो. त्याचा धागा आखूड, म्हणून बाजारात भाव कमी. लांब धाग्याच्या अमेरिकन जातीच्या कापसाने त्याला मागे सारले. मार्च २००२ मध्ये बी.टी. कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सर्व शिवार त्याने व्यापले. आरंभी बोंडअळीपासून सुटका झाली. पण सर्वत्र एकच प्रकार पेरला गेल्याने गुलाबी बोंडअळीने त्या विषाला दाद देणे सोडले, आणि २०१७ साली महाराष्ट्रभर तिने बोंडे पोखरली.

४) एकाच वाणाचा धोका

एकच वाण सर्वत्र असणे म्हणजे सर्व घरांना एकच कुलूप असण्यासारखे आहे. चोराला एक किल्ली पुरते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून हेच घडले. तेथील गरीब जनता बटाट्यावर जगत होती आणि बटाटाही मुख्यत्वे एकाच जातीचा होता. करप्याची साथ आली आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगाने मेली. पीक बुडण्यास रोग कारण झाला. माणसे मरण्यास त्या समाजाची गरिबी, जमीनदारी आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाईही कारण झाली, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या जवळचे उदाहरण केळीचे. रावेर-यावलची केळी देशभर जाते. पूर्वी बसराई होती, आता श्रीमंती आणि ग्रँड नैन. केळीला बी नसते; कंद किंवा ऊतीसंवर्धित रोप लावतात. म्हणजे बागेतील प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब प्रत. ज्या विषाणूजन्य रोगाला आपले शेतकरी ‘हरण्या’ म्हणतात, तो आला की बागा उपटून टाकाव्या लागतात. जगात ‘ग्रो मिशेल’ या एकाच जातीवर उभा असलेला केळीचा व्यापार पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यास मोडून पडला होता, हे येथे आठवते.

याउलट स्थानिक वाणाने नाव मिळविले त्याचेही उदाहरण आपल्याकडेच आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिरवट, पांढऱ्या रेषांचे, मोठे, कमी बियांचे हे वांगे टिकले, कारण लोकांना त्याचेच भरीत हवे होते. खाणाऱ्यांनी वाण राखले ते असे.

५) रानातले अन्न

शेतातील पिकांइतकेच रानातील वनस्पतींचे महत्त्व आहे. पावसाळ्याच्या आरंभी, घरातील धान्य संपत आलेले आणि नवे पीक दूर, अशा दिवसांत तरोटा, कुरडू, घोळ, तांदुळजा, बांबूचे कोंब आणि करटुली यांनी गरिबांच्या कित्येक पिढ्या जगविल्या. उन्हाळ्यात मोहाची फुले, चारोळी, तेंदूची फळे असतात.

परंतु रानही अक्षय नाही. करटुलीचा वेल नर आणि मादी असा वेगवेगळा असतो आणि तो जमिनीतील कंदापासून दर वर्षी फुटतो. फळे काढल्याने वेल मरत नाही. कंद उपटला की मरतो. नर वेलाला फळ येत नाही म्हणून तो निरुपयोगी समजून तोडला, तर मादी वेलही वांझ राहतो. सफेद मुसळीला औषधी बाजारात मोल आले आणि सातपुड्यात ती मुळासकट खणून नेली गेली. चारोळी पिकण्यापूर्वीच, दुसरा नेईल या भीतीने, फांद्यांसह ओरबाडली जाते. मग नवे रोप कोठून येणार? मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात आणि त्यात मोहाचीच रोपे जळतात. ही कामे दुष्टपणाची नव्हेत. रानावर आपला हक्क उद्या राहील की नाही याची खात्री नसली, की माणूस आजच सर्व घेऊन जातो.

वनस्पतींचे जतन ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे हा विचार आपल्या देशात जुना आहे. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात, माणसांना व जनावरांना उपयोगी औषधी वनस्पती जेथे नाहीत तेथे आणून लावल्याची नोंद आहे; कंदमुळे व फळझाडे यांचाही त्यात उल्लेख आहे. बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे.

६) करून दाखविलेली उदाहरणे

बारीपाडा हे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील कोकणी आदिवासींचे छोटे गाव. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तेथील जंगल उजाड झाले होते आणि बायकांना पाण्यासाठी लांब जावे लागत होते. गावचेच उच्चशिक्षित तरुण चैत्राम पवार यांनी नोकरीच्या मागे न लागता गावकऱ्यांना एकत्र केले. कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे नियम गावानेच केले आणि राखणही गावानेच केली. सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले; झऱ्यांना आणि विहिरींना पाणी आले. २००४ पासून तेथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. गावच्या स्त्रिया रानभाज्या रांधून आणतात, त्यांची नावे व गुण सांगतात. जंगल राखण्याचा हेतू ताटापर्यंत आणून पोहोचविणारी ही युक्ती आम्हांला फार मोलाची वाटते. २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

सातपुड्यात धडगाव तालुक्यात बाएफ या संस्थेच्या साथीने आदिवासी शेतकऱ्यांनी मका व ज्वारीचे गावठी वाण जमवून बियाणे बँक उभारली. बँकेचा नियम जुन्या उसनवारीचाच आहे: बी न्यावे, पेरावे, आणि सुगीनंतर वाढवून परत करावे. नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भाज्या, कडधान्ये आणि भात यांचे गावठी वाण घराघरांतून गोळा केले. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली १७२ कोटी ३९ लाख रुपयांच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली. दिल्लीच्या राष्ट्रीय कोशात उणे १८ अंश तापमानात बी ठेवले जाते. तेही हवेच. पण थंड कपाटातील बी बदलत्या पावसाची सवय करून घेत नाही. ती सवय शेतातच लागते.

७) घरचे बी कसे राखावे

हा भाग वाचकांनी गावी घरच्यांना वाचून दाखवावा.

निवड : बी खळ्यावरच्या राशीतून घेऊ नये. पीक उभे असताना शेतात फिरून निरोगी, भरदार ताटे निवडावीत व त्यांना खूण करावी. बांधालगतची ताटे सोडून मधली घ्यावीत. मक्याची दोन-तीनच मोठी कणसे ठेवण्याची चूक पुष्कळ घरे करतात. त्याने वाण काही वर्षांत खुजे होते. मक्यासाठी निदान ५० ते १०० निरोगी झाडांची कणसे घेऊन दाणे एकत्र करावेत.

अंतर : उडीद, मूग, हरभरा, भात यांचा परागसंयोग बहुधा त्याच फुलात होतो, त्यांचे वाण राखणे सोपे. मका व बाजरीचे पराग वाऱ्याने दूर जातात. शेजारी संकरित मका असेल तर निदान २०० मीटर अंतर राखावे, किंवा पेरणी तीन आठवडे मागेपुढे करावी. ज्वारी व तूर यांत थोडीफार सरमिसळ होते, म्हणून त्यांचेही बी शेताच्या मध्यभागातून घ्यावे.

वाळवण व साठवण : दाणा दाताखाली कट् असा फुटेपर्यंत वाळवावा. थंड झाल्यावर चाळलेली राख मिसळून मडक्यात, कणगीत किंवा वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात काठोकाठ भरावा. राख ओल शोषते, दाण्यांमधली जागा भरते आणि सोंड्याच्या अंगाला खरचटते. वाळलेला निंबाचा पाला घालावा. मक्याची कणसे सालीसकट बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगण्याची पद्धत उत्तम. धुराने कीड लागत नाही.

उगवण परीक्षा : पेरणीपूर्वी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व ओल राखावी. पाच-सहा दिवसांनी मोड मोजावेत. ८० च्या वर असतील तर बी चांगले. ६० च्या आसपास असतील तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. त्याहून कमी असतील तर ते बी पेरू नये.

नोंद : मडक्यावर वाणाचे नाव, वर्ष आणि कोणाकडून आणले ते लिहावे. हे काम घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने करावे. आजपर्यंत ही सर्व माहिती आया-आज्यांच्या डोक्यात होती. बी राखणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते; निदान मडक्याच्या चिठ्ठीवर तरी असावे.

सर्व शेत देशी वाणाने पेरा असे आम्ही म्हणत नाही. पोटापाण्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण प्रत्येक शेतकरी कुटुंबाने दोन गुंठे घरच्या बियाण्यासाठी राखावेत, आणि शहरातील कुटुंबाने महिन्याचे दहा किलो धान्य तरी अशा शेतकऱ्याकडून घ्यावे. घेणारा असला तरच पेरणारा राहतो.

८) कायदा काय सांगतो?

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पाकिटात विकता येत नाही. गावातील वाणाची नोंदणीही शेतकऱ्याला किंवा समूहाला करता येते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. हे हक्क कागदावर आहेत. ते मागण्यासाठी शिकलेल्या माणसाने गावी जाऊन ग्रामसभेत बसले पाहिजे. आपल्या संस्थेतील तरुणांनी सुटीत गावच्या नोंदवहीची प्रत मागून पाहावी आणि तीत आपल्या वस्तीतील म्हाताऱ्या बायांची माहिती आली आहे का, हे तपासावे.

९) अभ्यास-वर्गासाठी प्रश्न

१. आपल्या आजीच्या वेळी घरी पेरली जाणारी पाच पिके किंवा वाण कोणते? त्यांपैकी आज कोणते उरले आहेत?
२. आपण ओळखू शकतो अशा किती रानभाज्या आहेत? मुलांना किती ओळखता येतात?
३. गावी संकरित बियाण्यावर एका हंगामात किती खर्च होतो? त्यासाठी पैसे कोठून येतात?
४. आपल्या गावची लोक जैवविविधता नोंदवही कोणी पाहिली आहे का?
५. पुढील वर्षीच्या कार्यक्रमास येताना प्रत्येक कुटुंबाला मूठभर घरचे बी आणता येईल का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आम्ही ‘होय’ असे धरून चाललो आहोत. पुढील कार्यक्रमात मंडपाच्या दाराशी एक टेबल मांडलेले असेल. ज्याच्याकडे बी आहे त्याने ठेवावे, ज्याच्याकडे नाही त्याने न्यावे, आणि पेरल्यावर सुगीनंतर दुप्पट परत आणावे.